मराठी कळफलकासाठी थेट कळ हवी

महोदय,

संगणकावर मराठी लिहिणे कटकटीचे असते, ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि तिचे खापर बहुधा इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलक-मांडणीवर फुटते. अनुवादाच्या कामात रोज मराठी आणि इंग्रजी दोन्ही टंकणाऱ्या माझा अनुभव वेगळा आहे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. शिफ्ट दाबून ‘क’चा ‘ख’ होतो, ‘ल’चा ‘ळ’ होतो. ही मांडणी थोड्या सरावाने बोटांत बसते. कटकट आहे ती एका मांडणीतून दुसरीत जाण्याची.

आमच्या घरच्या संगणकावर इंग्रजी, माझी इनस्क्रिप्ट आणि पत्नीची फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांच्या कळांनी मराठी टंकण्याची) अशा तीन मांडण्या होत्या. विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की त्या रहाटगाडग्यासारख्या एकामागून एक येतात. आपण आत्ता कोठे आहोत हे ठाऊक असल्याशिवाय किती वेळा दाबायचे ते कळत नाही, आणि ते पाहायला दर वेळी नजर पडद्याच्या कोपऱ्यात न्यावी लागते. नजर चुकली की ‘मराठी’ लिहायला जावे आणि पडद्यावर सी, जे, ई, एक अवतरणचिन्ह आणि आर उमटावे! परवलीच्या शब्दाच्या चौकटीत तर ठिपक्यांखेरीज काहीच दिसत नाही. याच गोंधळात एका संकेतस्थळावरचे माझे खाते एकदा तासभर बंद पडले होते.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला आज्ञा देणारी छोटी फाइल. विंडोजवर ऑटोहॉटकी हे मोफत साधन त्यासाठी पुरते. उजवी कंट्रोल कळ मी एरवी वापरत नाही, म्हणून तिच्यासोबत १ दाबल्यावर इंग्रजी आणि २ दाबल्यावर मराठी अशी योजना केली. स्क्रिप्ट समोरच्या खिडकीला भाषेचा क्रमांक, म्हणजे अमेरिकी इंग्रजीसाठी ०४०९ किंवा मराठीसाठी ०४४ई, कळवून मांडणी बदलायला सांगते. आधी कोणतीही मांडणी असो, २ म्हणजे मराठीच. अडचण आली ती पत्नीच्या फोनेटिकची. विंडोज १० मध्ये २०१९ साली आलेली ही मांडणीही मराठीच्याच नावाखाली असल्याने निव्वळ भाषेच्या क्रमांकावरून ती इनस्क्रिप्टपासून वेगळी काढता येत नाही. त्यावर डोके शिणवण्यापेक्षा मी तिच्यासाठी वेगळे वापरकर्ता-खाते उघडून दिले, आणि घरात शांतता नांदली.

लिनक्सवर हे काम सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेच्या एका ओळीत होते. पडद्यावरच्या खिडक्या आणि कळफलक सांभाळणाऱ्या तेथील जुन्या एक्स प्रणालीत एका वेळी चारच मांडण्या भरता येतात, पण स्क्रिप्ट दर वेळी मांडणीच नव्याने भरत असल्याने ती मर्यादा आड येत नाही. मात्र एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर चालणाऱ्या नव्या प्रणालींत हीच आज्ञा वेलँडसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांपर्यंत पोहोचत नाही आणि आपल्या स्क्रिप्टचे काय चुकले हे शोधण्यात संध्याकाळ जाते. तेथे केडीई या डेस्कटॉपमध्ये डी-बस या कार्यक्रमांमधल्या निरोप-व्यवस्थेमार्फत, किंवा स्वे या खिडक्या सांभाळणाऱ्या कार्यक्रमात त्याच्या स्वतःच्या आज्ञेने मांडणी बदलावी लागते.

शासकीय कार्यालयांत बाहेरचे साधन बसवण्याची मुभा नसते, हे खरे. पण प्रत्येक भाषेला थेट कळ नेमून देण्याची सोय विंडोजच्या कळफलकाविषयीच्या प्रगत सेटिंगमध्ये आहेच. ती शोधायला मात्र चार-पाच पायऱ्या उतराव्या लागतात. ज्या कार्यालयांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत एका संगणकावर दिवसभरात अनेक माणसे बसतात, तेथे संगणक मांडून देणाऱ्यानेच ही सेटिंग करून ‘मराठीसाठी ही कळ’ अशी चिठ्ठी पडद्याखाली चिकटवली, तर त्याची जास्तीत जास्त दहा मिनिटे जातील. राज्य मराठी विकास संस्थेने विंडोज, एक्स आणि वेलँड यांसाठी तपासून घेतलेल्या स्क्रिप्ट मराठी सूचनांसह आपल्या संकेतस्थळावर ठेवाव्यात, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक अनुवादक, सातारा