अडॅप्टर तुझ्याकडेच आहे

वेंगुर्ला

प्रिय दिग्या,

खंय आसस मेल्या? मी फोन करत नाही म्हणून तूही करायचा नाही, हा कुठला हिशेब? आईचे गुडघे आहेत तसेच, माझी साखर आटोक्यात.

आता मुद्दा. माळा साफ करताना पुतण्याला आपला जुना कॉम्प्युटर, डीबी स्पेक्ट्रम प्लस, सापडला. तो म्हणतो, आतला बोर्ड काढून टाकू, रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवू, वरचं खोकं तेवढं ठेवू. सगळे खेळ चालतील, नव्या टीव्हीला थेट जोडता येईल. पोराचं चूक नाही रे. 48 के मेमरीत आज एक फोटोसुद्धा मावत नाही. पण खेळ झटक्यात चालू झाला तर त्यात राहिलं काय? कॅसेटवरून खेळ भरताना टीव्हीच्या कडेला निळे-पिवळे पट्टे, टेपचं ते किंचाळणं, पाच मिनिटं श्वास रोखून बसायचं आणि शेवटी 'टेप लोडिंग एरर'. मग तू टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू फिरवणार, मी तुला शिव्या घालणार.

मॅनिक मायनर खेळातल्या 20 गुहा मी एकेक करून चढलो. तू 6031769 हा चोरवाटेचा आकडा दाबून हवी ती गुहा गाठायचास आणि वर मलाच अक्कल शिकवायचास! जेट सेट विली या दुसऱ्या खेळात तिथल्या माळ्यावर जाऊन आल्यावर इतर खोल्यांत विली मरायचा, तेही तू माझ्यावरच ढकललंस. ती प्रोग्रॅममधलीच चूक होती, आता सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्या भांडणात अडॅप्टर काखोटीला मारून गेलास, तो आजवर परत आलेला नाही.

आणि समुद्राला भरती किती वाजता ते सांगणारा तुझा प्रोग्रॅम! तिथी गुणिले तीन, भागिले चार. ओटीवर बसून आजोबा सुपारी कातरता कातरता सांगायचे, "चतुर्थी ना? तीनाक भरती." तुझा डबा आधी टेप वाजवून घ्यायचा, मग तेच सांगायचा. "ह्येच्यासाठी इतके पैशे?" म्हणाले होते. किनाऱ्यावर जाळं ओढणारे रापणकर मात्र जाता-येता मुद्दाम विचारून जायचे, तुला चिडवायला. त्या कॅसेटला बुरशी आलीय, पण फीत तुटलेली नाही.

पुतण्या म्हणतो, मशीन मेलंय. चालू न करताच कसं कळलं? काल राउटरचा अडॅप्टर लावायला निघाला होता. व्होल्ट नऊच, पण स्पेक्ट्रमला पिनची मधली बाजू ऋण लागते, हल्लीच्या बहुतेकांची धन. हातातून हिसकावून घेतला. कीबोर्डच्या आतला पडदा कडक होऊन तडकला असणार, तो नवा मिळतो म्हणे. बोर्डाचं तुझा अडॅप्टर आल्याशिवाय कळायचं नाही. मला विचारशील तर मशीन उघडूच नये, पण निम्मे पैसे तुझे होते. तुका काय वाटता? तोवर स्क्रू ड्रायव्हर कपाटात, चावी माझ्या जानव्याला.

मुलीचं लग्न ठरल्याचं काकूंकडून कळलं. छान झालं. मुलगा काय करतो? पत्रिका पोस्टाने नको. कोकणकन्येने कुडाळला उतर, मी गाडी घेऊन येतो. अडॅप्टर आणलास तरच घरी नेईन.

तुझा,
बाळ्या