शनिवारच्या बैठकीआधी एवढे वाचा

मंडळी, शनिवारी संध्याकाळी ६ वाजता आपण पहिल्या ऑस्करचा विषय घेतोय. 'सनराइज' आधी पाहून या, मूकपट आहे, दीड तासात होतो.

ऑस्करच्या याद्या पाठवणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासा. पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला, पण बक्षिसे होती ऑगस्ट १९२७ ते जुलै १९२८ या काळातल्या चित्रपटांना. त्यामुळे नुसते '१९२९' लिहिले की घोळ होतो. दुसरे, सर्वोत्तम चित्रपटाचा मान त्या वर्षी विभागलेला होता: 'विंग्ज' एका विभागात, 'सनराइज' कलात्मक निर्मितीच्या विभागात. पुढच्याच वर्षी तो दुसरा विभाग बंद केला. माझ्या मते चूक केली, पण ते शनिवारी भांडू.

अभिनेत्री जेनेट गेनर हिला एकाच चित्रपटासाठी नव्हे, तीन चित्रपटांसाठी मिळून बक्षीस मिळाले. अभिनेता एमिल यानिंग्जला दोन चित्रपटांसाठी. तो सोहळ्याआधीच जर्मनीला परतला, जाताना बक्षिसाची बाहुली घेऊन गेला. निकाल तीन महिने आधीच जाहीर झालेले, त्यामुळे वाटप साधारण १५ मिनिटांत आटोपले. निकाल बंद पाकिटात ठेवून सोहळ्यातच फोडायचा, ही धाकधूक १९४१ पासूनची.

दुसऱ्या वर्षीची 'नामांकने' यादीत टाकू नका. त्या वर्षी अधिकृत नामांकने जाहीरच झाली नव्हती. परीक्षकांनी कोणाकोणाचा विचार केला, त्यावरून ती नावे नंतर काढलेली आहेत.

याद्या गुरुवारी रात्रीपर्यंत इथेच टाका. चहा आहे, खायचे आपापले आणा.