चतुर्थीला पोचशील, पण…

प्रिय बाबल्या,

चतुर्थीच्या दोन दिवस आधी न्यूयॉर्कहून निघालो तर पोचेन का, असं विचारलंयस. पोचशील, पण जेमतेम.

मुंबई तिथून सुमारे 12,500 किलोमीटर. थेट विमान इकडे येताना 14-15 तास घेतं, तिकडे जाताना तास-दीड तास जास्त. सगळा वाऱ्याचा खेळ. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतात. येताना ते पाठीशी, जाताना तोंडावर. आपल्या होड्या हाकणाऱ्या तांडेलांना यात नवल वाटणार नाही.

आता घड्याळ. त्या दिवसांत आपण तुमच्यापेक्षा साडेनऊ तास पुढे. म्हणजे दुपारी 12 ला उडालास आणि साडेचौदा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे 12. अख्खा एक दिवस तिथेच गेला.

गेल्या खेपेला तू परत निघालास तेव्हा काकी माझ्या मोबाइलवर तुझं विमान बघत होती. म्हणाली, "समोर दर्या, तेच्या पलीकडे अमेरिका. मगे इमान वरती कित्याक जाता?" पृथ्वीगोल आणून दोरा ताणून दाखवला. मुंबई ते न्यूयॉर्क सर्वांत जवळची वाट वायव्येकडे चढत आइसलंडजवळ साधारण 65 अक्षांशापर्यंत जाते आणि मग खाली उतरते. सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेने गेलास तर दीड हजार किलोमीटर जास्तच पडतील. आणि मालवणहून नाकासमोर पश्चिमेला गेलास तर येमेनचा किनारा लागेल, अमेरिका नव्हे!

तरी काकी अगदीच चुकली नाही. ती जवळची वाट पाकिस्तानवरून जाते आणि एप्रिल 2025 मध्ये ते आकाश भारतीय विमानांना बंद झालं. तेव्हापासून आपल्या कंपन्यांची विमानं मुंबईहून आधी अरबी समुद्रावरच निघू लागली. हे कळल्यावर ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ते लिहिण्यासारखं नाही. तिकीट काढताना मात्र उड्डाणाचे तास नीट बघ, फेऱ्याने ते वाढतात.

खरा घोळ मुंबईनंतर. मालवण उरलं फक्त पाचशे किलोमीटर, पण चतुर्थीच्या गर्दीत महामार्गाने किती तास लागतील हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. कोकण रेल्वे तेव्हा पावसाळी वेळापत्रकावर असते, गाड्या सावकाश चालतात, आणि कुडाळपर्यंतचं आरक्षण आता मिळणं म्हणजे नशीबच. म्हणून माझं ऐक, मुंबईहून गोव्यातल्या मोपाचं विमान घे. 2023 पासून तो विमानतळ चालू आहे, तिथून मालवण दोनेक तासांवर. दोन विमानांत निदान पाच तास सोड. सामान घ्यायचं, टर्मिनल बदलायचं, त्यात वेळ कसा जातो कळत नाही.

आणि दोन नव्हे, तीन दिवस आधी निघ. गणपतीवरची माटवी बांधायला यंदा माणसं कमी आहेत. मोपाला उतरण्याची वेळ कळव, गाडी घेऊन येतो.

तुझा,
नाना