वेल्समधील 'तुटलेली' घराणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेल्समधील आडनावांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. जुन्या पॅरिश नोंदवह्यांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्यांत, वेल्श घराणी मध्येच तुटतात, याचे खापर त्यात चर्चच्या लेखनिकांवर फोडले आहे. अशा नोंदवह्यांच्या छायाप्रती वाचण्याचा मला अनेक वर्षांचा नाद आहे आणि माझ्या मते दोष लेखनिकाचा कमी, आडनाव शोधत बसणाऱ्या आपला अधिक आहे. जे नव्हतेच, ते सापडणार कसे?

वेल्समध्ये माणसाची ओळख बापाच्या नावाने होई. स्वतःच्या आणि बापाच्या नावामध्ये मुलगा असेल तर 'अप' आणि पुढे स्वर आल्यास 'अब', मुलगी असेल तर 'व्हेर्ख' येई. घाईतला लेखनिक हा शेवटचा शब्द दोनतीन अक्षरांत आवळून टाकी आणि आजचा वाचक तेच स्त्रीचे मधले नाव समजतो. पुढे इंग्रजी रीत रुजली तशी ही जोडपदे वितळली. अप हॉवेलचा पॉवेल झाला, अप ऱ्हिसचा प्राइस, अब ओवेनचा बोवेन, अब इव्हानचा बेव्हन. पण हे सगळीकडे एकाच वेळी घडले नाही. बड्या जमीनदारांनी सोळाव्या शतकातच स्थिर आडनावे घेतली, तर खेड्यापाड्यांत, विशेषतः पश्चिमेकडे, बापाचे नाव लावण्याची चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली.

याचा परिणाम एका घरात पाहावा. समजा, इव्हान डेव्हिडला मुलगा झाला. बाप्तिस्म्याच्या वहीत 'जॉन, इव्हान डेव्हिडचा मुलगा' एवढेच येते. हाच जॉन लग्नाच्या वहीत जॉन इव्हान म्हणून उभा राहतो आणि त्याची मुले जोन्स, म्हणजे 'जॉनची', होतात. डेव्हिड, इव्हान, जोन्स ही तीन आडनावे म्हणजे तीन घराणी नव्हेत. जॉनच्या बायकोचे दफन तिच्या स्वतःच्या बापाच्या नावाने नोंदलेले असते, कारण लग्नानंतर नाव बदलण्याची तिथे रीत नव्हती. तिला नवऱ्याच्या नावाखाली शोधणारा मग नोंद गहाळ झाल्याची तक्रार करतो.

या चालीतून राजघराणेही सुटले नाही. 1485 मध्ये इंग्लंडचा राजा झालेल्या सातव्या हेन्रीचा आजा ओवेन हा मेरेडिथचा मुलगा आणि ट्यूडरचा नातू होता. नावाच्या साखळीतले ट्यूडर त्याला चिकटले म्हणून. एरवी इंग्लंडच्या इतिहासात ट्यूडर नव्हे, मेरेडिथ घराणे शिकवले गेले असते!

लेखात ज्याला 'अनैतिक संबंधांचा पुरावा' म्हटले आहे, ते कोडे तर पंचांगाचे आहे. 1752 पूर्वी तिथे वर्ष 25 मार्चला सुरू होई. म्हणून मे 1720 मधले लग्न आणि त्याच जोडप्याच्या मुलाचा फेब्रुवारी 1720 मधला बाप्तिस्मा यांत मूल लग्नाआधी आलेले नाही; आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी 1721 चा आहे आणि मूल अगदी नऊ महिन्यांनी आलेले आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या जोडप्यावर निष्कारण डाग लागला, याचे मला खरोखर वाईट वाटले.

1813 पासून छापील बाप्तिस्मा वह्या आल्या, त्यांत आईबापांच्या आडनावासाठी एकच रकाना होता. आडनाव नसलेल्या कुटुंबालाही तिथे काहीतरी भरावेच लागे. साहजिकच लेखनिकाने बापाचे दुसरे नाव उचलून तिथे बसवले. मात्र त्याच वहीत राहत्या जागेचाही रकाना आहे आणि माझ्या अनुभवात खरी किल्ली तीच आहे. एकाच पॅरिशमध्ये चार जॉन जोन्स असले, तरी चौघे एकाच शेतावर क्वचितच राहतात. त्यातूनही मूळ वही वाचता आली नाही, तर दरवर्षी बिशपकडे पाठवली जाणारी तिची नक्कल पाहावी; अशा बऱ्याच नकला आबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.

लेखाचा पुढचा भाग छापताना वंशवृक्षातील प्रत्येक नावापुढे शेताचे किंवा घराचे नाव द्यावे आणि 1752 पूर्वीच्या, जानेवारी ते 24 मार्च या काळातल्या तारखा दोन्ही सालांनी लिहाव्यात, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक