गारेला पट्टी लावली

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू रागावलीस. "आभाळ आलं की माणसं घरात पळतात, आणि तू बाहेर काय उभी राहतेस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

मी वादळामागे गाडी पळवत नाही. इथे अमेरिकेत, ओक्लाहोमात तसं करणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतली नाही. मी 'स्कायवॉर्न'ची, म्हणजे आभाळावर नजर ठेवून हवामान कार्यालयाला कळवणाऱ्यांतली, स्वयंसेवक आहे. नॉर्मनच्या हवामान कार्यालयाने आमच्या गावच्या फायर स्टेशनात दोन तासांचा वर्ग घेतला, तोही फुकट. आता ढग दाटले की गॅरेजच्या छपराखाली थांबायचं, नैर्ऋत्येकडे बघायचं आणि दिसेल ते फोन करून कळवायचं. विजा जवळ आल्या की मी आत.

रडार असताना माणूस कशाला, असं बाबा विचारणारच. पृथ्वी गोल, त्यामुळे रडारचा किरण लांब जाईल तसा वर वर जातो. १०० किलोमीटरवर तो जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच असतो. त्याच्याखाली काय चाललंय ते दारात उभ्या माणसालाच दिसतं.

गेल्या बुधवारी ढगाचा एक भाग खाली लोंबला. छातीत धस्स झालं. पण विजेच्या खांबाची खूण धरून पाच मिनिटं पाहिलं, तो गरगरत नव्हता, नुसता वाऱ्याबरोबर सरकत होता. म्हणून टोर्नेडोचं, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वावटळीचं, नाव काढलं नाही. उगाच बोंब मारली तर पुढच्या वेळी लोक तळघरात जायचे नाहीत. मग गारा आल्या. थांबल्यावर एक उचलून पट्टी लावली, सव्वा इंच भरली. इथे एक इंचापासून पुढची गार धोक्याची धरतात. चिरली तर आत कांद्यासारखे पापुद्रे! वेळ, ठिकाण, माप, सगळं कळवलं.

ती गार तळहातावर असताना मार्च २०१४ आठवला. आपल्या लातूरकडची गारपीट, आडवा झालेला गहू, डोक्यावर घमेलं धरून वावरातून धावत आलेले बाबा आणि त्यांच्या पाठीवरचे काळेनिळे वळ. वरच्या गावातून कोणी अर्धा तास आधी कळवलं असतं तर बाबा तेव्हा गोठ्यात असते. हे माझ्या मनातून जात नाही, आई.

बाबा, कॅलेंडरच्या चौकटीत तुम्ही पाऊस लिहिता, 'मृग, दुपारी चार, वापसा नाही', मला ही सवय तिथूनच लागली. आता गार पडली तर माप आणि वेळही लिहा. आणि आई, पलंगाखालचा जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा रद्दीत घालू नकोस. दिवाळीत येईन तेव्हा मला तो हवाय.

तुमची,
सोनू