सई, वयाचा हिशोब मला दाखवू नकोस

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फार बोलली नाहीस. ट्युनिशियातल्या टेनिस स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलीस, तिसरा सेट ७-५ ने गेला, एवढं सांगितलंस. मग जरा थांबून म्हणालीस, "आई, मी चोवीसची झाले." फोन ठेवल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हरल्याचं दुःख तुझ्या आवाजात मी कितीदा तरी ऐकलंय, दोन दिवसांत ते उतरतं हेही मला माहीत आहे. कालचं वेगळं होतं. फोनवर आपण दोघी एकमेकींना सावरण्यातच वेळ घालवतो, म्हणून आज लिहायला बसले.

तुला जूलिया गात्तो-मोंतिकोने आठवते का? इटलीची, तुरिनची. २०१९ चं विम्बल्डन, सेंटर कोर्ट, समोर सेरेना विल्यम्स. तुझी बारावी झालेली होती. आपण दोघी हॉलमध्ये चटईवर बसून बघत होतो आणि खरं तर सेरेनासाठीच बसलो होतो. पहिला सेट सेरेनाने ६-२ घेतला तेव्हा मी पोळ्या करायला उठले. दुसऱ्या सेटमध्ये तू हॉलमधून हाक मारलीस, "आई, ये, पाच-पाच झालंय!" मी पिठाच्या हातांनीच बाहेर आले. तू उशी पोटाशी धरून टीव्हीच्या अगदी पुढे सरकली होतीस. सेट शेवटी ७-५ ने गेला. पण त्या रात्री जेवताना तू सेरेनाचं नाव काढलं नाहीस, त्या इटालियन मुलीबद्दलच बोलत होतीस. मुलगी कसली, ३१ वर्षांची बाई होती ती. ग्रँड स्लॅमच्या मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, खेळायची तिची ती दुसरीच वेळ, आणि पहिली वेळ महिनाभरापूर्वीचीच, पॅरिसच्या फ्रेंच ओपनची.

म्हणजे काय ते नीट बघ. जूलिया १९८७ ची. सारा एरानीही १९८७ चीच. एरानी २०१२ मध्ये फ्रेंच ओपनच्या फायनलला पोचली, पुढच्या वर्षी जगात पाचवी होती. त्याच काळात फ्रांचेस्का स्कियावोनेने २०१० ची फ्रेंच ओपन जिंकली, २०१५ मध्ये यूएस ओपनची फायनल फ्लाव्हिया पेनेत्ता आणि रोबेर्ता विंची अशी दोघी इटालियनांमध्येच झाली. २००६ ते २०१३ या काळात इटलीच्या बायकांनी फेड कप, म्हणजे देशादेशांच्या संघांची स्पर्धा, चारदा जिंकला. आपल्याच देशात, आपल्या वयाच्या आणि थोड्या मोठ्या मुली एवढं सगळं मिळवत असताना जूलिया खालच्या स्पर्धांमध्ये खेळत राहिली. पहिल्या शंभरात ती कधीच आली नाही. तुझ्यापुढे असं कुणी असतं तर मला आई म्हणून काय वाटलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार केलाय.

आणि मग २०१९ उजाडलं. पॅरिसला क्वालिफाइंगचे, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता फेरीचे, तीन सामने जिंकून ती आत गेली आणि पहिल्या फेरीत सोफिया केनिनकडून हरली. त्याच केनिनने तिथे तिसऱ्या फेरीत सेरेनाला हरवलं, ६-२, ७-५, आणि पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. लगेच गवतावर, विम्बल्डनचं क्वालिफाइंग होतं त्या रोहॅम्प्टनला, जूलियाने पुन्हा तीन सामने जिंकले. सेरेना त्या वर्षी फायनलपर्यंत गेली. जूलिया ज्या दोघींकडून हरली त्या कोण होत्या, ते तूच बघ.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवते ती रोहॅम्प्टनची गोष्ट. त्याच आठवड्यात, त्याच मैदानावर कोको गॉफ क्वालिफाय झाली. १५ वर्षांची! पहिल्याच फेरीत तिने सेरेनाच्या मोठ्या बहिणीला, व्हीनसला हरवलं आणि जगभर तिचाच बोलबाला झाला. एकाच दारातून दोघी आत गेल्या, एकीला थोरली विल्यम्स मिळाली, दुसरीला धाकटी. दोघींच्या वयात १६ वर्षांचं अंतर. दारावर जन्मतारीख कुणी विचारली नाही, तीन सामने जिंकलेत का एवढंच विचारलं. तू चोवीसची आहेस, सई. या दोघींच्या जवळजवळ मधोमध.

आता पैशाचं, कारण तुझ्या मनात तेही आहे. तू बोलत नाहीस, पण सामान भरताना माझी खर्चाची लाल वही चाळून गेलीस ते मी पाहिलं होतं. मी रोज मुलांना ताळेबंद शिकवते, तेव्हा तुझ्याशी आकड्यांत खोटं बोलणार नाही. एकूण १५ हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलं की शे-दीडशे डॉलर हातात येतात, त्यात एका आठवड्याचं राहणं-खाणंसुद्धा भागत नाही. विमान, रॅकेटचं गटिंग, बूट, फिजिओ हे सगळं वरचं. २०१९ मध्ये विम्बल्डनला पहिल्या फेरीत हरणाऱ्याला ४५ हजार पौंड मिळाले, तेव्हाच्या भावाने ३९ लाखांच्या आसपास. पॅरिसला ४६ हजार युरो. म्हणजे दोन सामने हरून जूलियाला जे मिळालं, ते तुझ्यासारखीला कित्येक वर्षांत मिळणार नाही. यात न्याय नाही, हे मी मोकळेपणाने म्हणते. तुमच्या खेळात वरच्या शंभर जणी नीट जगतात, बाकीच्या आईबापांच्या जिवावर किंवा कुणाला तरी शिकवून खेळतात. इटलीत निदान क्लबांची लीग आहे, घराजवळ वर्षभर स्पर्धा असतात, आगगाडीने जाता येतं. आपल्याकडे पुणे, सोलापूर, नवी मुंबईला स्पर्धा होतात, पण त्या थोड्या आठवड्यांच्या. बाकी वर्ष तुला असं ट्युनिशियाला जाऊन राहावं लागतं. तेव्हा तू मागे पडलीस तर ते सगळं तुझ्या बॅकहँडमुळे नाही, एवढं ध्यानात ठेव.

आणि आपली टेनिसपटू अंकिता रैना बघ. पुण्यात हेमंत बेंद्रे सरांकडे घडली, २०२० मध्ये जगात १६० व्या नंबरपर्यंत गेली. क्रमवारीत दीडशेच्या आसपास राहून जूलिया सेंटर कोर्टवर जाऊन आली. अंकिताला सिंगल्सच्या क्वालिफाइंगमध्ये दार वारंवार बंद मिळालं. मेहनत दोघींचीही तेवढीच असणार. म्हणून मी तुला 'थांब, मिळेलच' असं म्हणत नाही. मिळेल की नाही हे मला माहीत नाही, आणि खोटी आशा दाखवणं मला जमायचं नाही.

तुला थांबायचं असेल तर थांब. खेळ नकोसा झाला असेल, खांदा साथ देत नसेल, दुसरं काही करावंसं वाटत असेल, तर घरी ये, तुझी खोली तशीच आहे. पण चोवीस हे कारण मला सांगू नकोस, आणि वही हेही नको. बाबांनी आणि मी ते पैसे तुझ्यावर उधार म्हणून लावले नव्हते. तू सकाळी साडेपाचला उठून, झिपऱ्या तशाच बांधून, स्कूटरवर माझ्यामागे अर्धवट झोपेत बसायचीस आणि कोर्टच्या गेटशी आलं की ताडकन जागी व्हायचीस. आम्ही त्याच्यासाठी ते लावले. ती मुलगी अजून तशीच जागी होते का, एवढंच तू बघायचं.

वहीत पुढचं पान आखून ठेवलंय. वर वर्ष लिहिलेलं नाही, ते तू आलीस की लिहू.

ओव्हरग्रिप बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहेत, लिंबाच्या लोणच्याच्या बाटलीखाली. झाकण नीट बसवलंय ना ते बघ. खांद्याला रात्री शेक घे आणि शनिवारी बाबांना फोन कर, ते विचारत नाहीत पण वाट बघतात.

तुझी,
आई