धुराने कार्बन-१४ वाढत नाही, कमी होतो

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला धुरावरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये. 'गाड्या आणि कारखान्यांच्या धुरामुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढतोय' असं वाक्य, तेही चौकटीत आणि ठळक टाइपात! अहो, नेमकं उलटं आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून असतं आणि कार्बन-१४ चं, म्हणजे याच किरणोत्सारी कार्बनचं, हाफ लाइफ ५,७३० वर्षं, म्हणजे दर तेवढ्या वर्षांनी तो निम्मा होतो, आणि ५०-६० हजार वर्षांतच मोजण्यासारखं काही उरत नाही, मग कोट्यवधी वर्षांनी काय उरणार? आम्ही लॅबमध्ये त्याला डेड कार्बनच म्हणायचो. तो जाळला की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो पण त्यात चौदावाला नसतो, त्यामुळे वैश्विक किरणांमुळे वरच्या हवेत जो तयार होत असतो त्याचं प्रमाण घटतं. शाईत पाणी ओतलं की शाई फिकी होते, तसं.

याला सुएस इफेक्ट म्हणतात. हान्स सुएस या शास्त्रज्ञाने १९५५ मध्येच दाखवून दिलं होतं की विसाव्या शतकातल्या लाकडात हा कार्बन एकोणिसाव्या शतकातल्या लाकडापेक्षा कमी सापडतो. ७० वर्षं होऊन गेली या गोष्टीला.

मला हे इतकं लागण्याचं कारण सांगतो. मी एका कार्बन डेटिंग लॅबमध्ये मदतनीस होतो, म्हणजे जिथे कार्बन-१४ मोजून वस्तूचं वय काढतात, तो जेवढा कमी तेवढी वस्तू जुनी. नवीन असताना तपासणीसाठी म्हणून एकाच दिवशी तोडलेली दोन ठिकाणची पानं दिली होती, एक पिशवी मोकळ्या माळावरच्या झाडाची आणि दुसरी हायवेला लागून असलेल्या झाडाची. पानं धुतली, वाळवली, ॲसिड, मग अल्कली, मग परत ॲसिड, नंतर जाळून वायू, वायूपासून शेवटी बेन्झिन, आणि ती चमचाभर बाटली किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरमध्ये रात्रभर. सकाळी बघतो तर हायवेवाल्या पानांचे काउंट कमी. साहेबांनी आकडा बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, काचेची भांडी ॲसिटोनने धुतलीस आणि न वाळवता वापरलीस. ॲसिटोन पेट्रोलियमपासून बनतं, त्यात डेड कार्बन, थेंबभर राहिलं तरी काउंट खाली येतात, त्यामुळे शंका अगदीच चुकीची नव्हती. पण मी भांडी ओव्हनमध्ये तापवून घेतली होती हो! दोन आठवडे खपून सगळं परत केलं, परत तोच आकडा. मग तिसऱ्यांदा मीच हट्टाने रस्त्यापासून वेगवेगळ्या अंतरावरची पानं आणली, तर रस्त्याच्या जेवढं जवळ तेवढा कार्बन-१४ कमी. पान काय, समोर येईल तो कार्बन घेतं, आणि त्याच्या समोर दिवसभर सायलेन्सरचा धूर. त्या वर्षी उगवलेलं पान आमच्या हिशेबात माळावरच्या पानापेक्षा 'म्हातारं' निघालं. माझी चूक नव्हती हे साहेब शेवटपर्यंत बोलले नाहीत, ते अजून मनात आहे.

आता लेखकांचा गोंधळ कुठे झाला असेल याचा अंदाज येतो. कार्बन-१४ वाढला होता हे खरंच आहे, पण तो अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे, १९६३-६४ च्या सुमाराला उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर हवेतल्या चाचण्या बऱ्याचशा थांबल्या, समुद्राने आणि झाडांनी तो शोषला, आणि वर आपला धूर आहेच. २०२१ च्या सुमाराला उत्तरेकडच्या स्वच्छ हवेतही तो औद्योगिक काळाआधीच्या पातळीच्या खाली आलाय. हेदर ग्रेव्हन या शास्त्रज्ञ बाईंनी २०१५ मध्ये हिशेब मांडला होता की उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर २०५० मध्ये विणलेलं नवंकोरं कापड आणि १,००० वर्षं जुनं कापड, दोघांचं कार्बन वय सारखंच येईल. जुनं म्हणून विकलेली वस्तू खरी की नकली हे पुढे नुसत्या या टेस्टवर कसं ठरवायचं सांगा. छापायची बातमी ही होती!

कोणी म्हणेल, किरणोत्सारी काहीतरी कमी होतंय, बरंच झालं की. नाही हो, हवेत लाख कोटी कार्बन अणूंमागे जेमतेम एखादा कार्बन-१४ असतो, त्याची कोणाला भीती नव्हतीच. पण त्याचं प्रमाण घसरणं म्हणजे हवेतला जास्तीचा कार्बन जमिनीखालूनच आलाय याचा एक पक्का पुरावा, आणि लेखातल्या त्या वाक्याने नेमका तोच पुरावा उलटा करून ठेवलाय. शाळेतली मुलं पुरवणीची कात्रणं वहीत चिकटवतात, त्यांचं काय?

आणखी एक. गेल्या वेळी माझ्या पत्रातला 'नाही' हा एक शब्द जागेअभावी उडाला आणि अख्खा अर्थ फिरला, दुरुस्ती आली ती आठ दिवसांनी, आतल्या पानावर, बारीक अक्षरात. कृपया या वेळी दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि चौकटीत द्यावी. पत्र लांबलं असेल तर माझ्या साहेबांचा भाग कापा, पण 'कमी होतो' हे दोन शब्द ठेवा.

आपला,
एक जुना वाचक